अर्ध्या अंशाची चूक

बझर पुन्हा चुकीच्या जागी वाजला. बन्सीधरनं दुर्बिणीला डोळा लावला आणि मान हलवली.

"पट्टा घसरायलाय. अर्धा अंश खातोय."

"अर्ध्या अंशानं काय होतंय, भाऊ?" आश्रुबा म्हणाला.

"तीन किलोमीटरवर अर्धा अंश म्हंजे शेजारचं घर."

आश्रुबानं स्क्रू सैल केला. दोन वर्षं पुण्यात काढून तो नुकताच सेलूला परतला होता, दुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडून बसला होता. बन्सीधर त्याचा जुना दोस्त, वालूरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेला. पोरांना शनीची कडी दाखवायला त्यानं घरीच दुर्बीण बनवली होती. आता ती माडीवरच्या खिडकीत, बायकोच्या खाटेला लागून उभी होती. जुन्या प्रिंटरमधून काढलेले दोन सेन्सर पट्ट्यांनी तिला जोडून तारा एका खोक्यात नेल्या होत्या. एक आडवं फिरणं मोजायचा, दुसरा उभं. नळी ठरवलेल्या आकड्यांवर आली की खोक्यातला बझर वाजायचा.

गेल्या आषाढात बायकोचं, धुरपताबाईचं, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हृदयही अधू निघालं. "मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले होते. वर वारं लागतं म्हणून बन्सीधरनं तिला उचलून माडीवर नेलं. भेटायला येणाऱ्या बायकांना तो खालूनच चहा पाजून वाटेला लावायचा.

धुरपताबाईनं एकच मागितलं होतं. प्रियांका, त्यांची एकुलती एक लेक. ओढ्यापल्याडच्या वस्तीवरल्या महारुद्राशी तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा बन्सीधरनंच तिला घराचा उंबरा बंद केला होता. धुरपताबाईनं ती वस्ती कधी पाहिलीही नव्हती.

"सांगावा धाडलता," तो बायकोला म्हणाला. "येत न्हाई म्हणली."

"तुमी बोललातच तसं. आता निदान लांबून तरी दावा."

म्हणून हे खोकं. हातानं वळवून धुरपताबाईला ते घर सापडलं नसतं.

दोन पट्टे बदलल्यावर तिसरा घट्ट बसला. बन्सीधरनं आकडे स्वतः भरले आणि वर डिंक लावून बटणं बंद करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी धुरपताबाई बझर वाजेपर्यंत नळी वळवायची. दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. इवलीशी गच्ची, दोरीवर कपडे टाकणारी एक बाई. चेहरा कळायचा नाही. धुरपताबाईला तेवढं पुरायचं.

"आज हिरवी साडी हाय," ती खाली हाक मारून सांगायची. "लय बारीक झालीय पोरगी."

"बरं," बन्सीधर म्हणायचा.

महिन्याभरानं आश्रुबा भेटायला आला. बन्सीधर अंगणात होता. त्यानं नाही म्हणायच्या आत तो जिना चढला. धुरपताबाईनं उशाखालून एक गाठोडं काढलं. आत लाल कापडाची कुंची होती.

"भाऊजी, पोटुशी हाय ती. चालण्यावरनं कळतंय मला. एवढं नेऊन द्या. ह्यांच्या हातनं न्हाई घ्यायची ती."

आश्रुबानं दुर्बिणीत डोकावलं. मग गाठोडं उचललं.

"देतो, वहिनी," म्हणून तो खाली उतरला.

बन्सीधर हौदाशी उभा होता. आश्रुबानं आवाज खाली घेतला.

"भाऊ, खोकं चुकायलंय. ते दिनकररावाचं घर हाय. मोटार बसवायला गेलतो मी तिथं. त्यांची सून हाय ती. महारुद्राचं घर शेजारचं. चला वर, दोन मिनटांत आकडे बदलून देतो."

तो वळला. बन्सीधरनं त्याचं मनगट धरलं. 

"आकडे बदलू नको, आश्रुबा. येत्या पोळ्याला प्रियांकाचं वर्षश्राद्ध हाय."