जहर झालंय

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी छापखान्याच्या कँटीनमधल्या मावशींनी चाळीस जणांचं सूप मोरीत ओतून दिलं. जेवणाची सुट्टी एक वाजता होती, आणि खारट-अळणीची आणखी एक तक्रार आली की त्यांचं काम जाणार होतं.

"अहो मावशी, हे काय केलंत?" डिझाइन विभागातली नवी मुलगी हातातल्या चमच्यासकट ओरडली.

"तूच म्हणालीस ना, सूप जहर झालंय म्हणून!"

"जहर म्हणजे एकदम भारी!"

"मग भारी म्हणायला काय जीभ झडते?"

"भारी आता आमची आई म्हणते."

"आम्ही फक्कड म्हणायचो. त्यापायी कुणाचं पातेलं पालथं झालं नाही."

मुलगी हसत हसत गाजरं सोलायला बसली. "पण ओतायच्या आधी एक घोट घेऊन बघायचा ना!"

मावशींची सुरी थांबली. "मागे ताप आला तेव्हापासून जिभेला चवच नाही गं. तीन महिने नुसत्या अंदाजावर करतेय. कुणाला बोलू नकोस."

एकला पाच कमी असताना मुलीने नव्या सुपाचा घोट घेतला. "मीठ किंचित हवंय."

मावशींनी चिमूटभर टाकलं. "तुझ्या तोंडात साखर पडो, पोरी."

याला आता दोन आठवडे झाले. मुलगी रोज साडेबाराला पाणी प्यायला म्हणून खाली येते. तक्रार एकही नाही. मावशींची चव अजून परतलेली नाही.