तिसरे सील

सुज्ञ वाचकहो, एका अक्षम्य अपराधाची हकिकत सत्यास स्मरून येथे सादर करीत आहे.

केंटकीतील आमच्या गावी माझ्या बहिणीचे यजमान लीलंड यांनी माझ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचे तेल अडवणारे सील तिसऱ्यांदा बदलले. तरी तेल गळून ब्रेकवर आलेच. रेल्वेफाटकापाशी ब्रेक न लागून पत्नी मरता मरता वाचली. मी त्यांच्या गॅरेजात जाऊन गरजलो, “दाजी, पाना ठेवा खाली अन् कोंबड्या पाळा!”

ते तडक गाडीखाली शिरले. बाहेर येऊन खरवडलेला एक पापुद्रा त्यांनी माझ्या तळहातावर आपटला. “सील ठणठणीत आहे! ॲक्सलचं हवेचं भोक बुजलंय, म्हणून कोंडलेली हवा तेल बाहेर ढकलते. हा निळा रंग कुठल्या गाढवानं फासला?”

आपला नम्र, आणि उपरोक्त रंगकामाचा एकमेव कर्ता, डेल्बर्ट स्ट्रंक. वाचकांचा आभारी आहे.