पहिली येईल ती

गाय एकाएकी आटत चालली आणि वेरेनाचा शेजारच्या ओटिलियावरचा संशय पक्का झाला. गावच्या सुईणीने उपाय सांगितला, "निघेल तेवढं दूध सुया टाकून उकळ. तेव्हा जी पहिली दारात काही मागायला येईल, तीच चेटकीण. पुढे खांबाला बांधून जाळायचं पाद्रीबाबा बघतील."

दूध चुलीवर चढवून वेरेना दाराकडे डोळे लावून बसली. "ये की गं मेले, आजच पाय मोडलेत का?"

पण चिटपाखरू फिरकलं नाही, वर चुलीतला विस्तवच विझला. दुसरं घर टेकडीपलीकडे, म्हणून ती खापर घेऊन ओटिलियाच्याच दारात धावली. "ओटिले, जरा विस्तव दे गं!"



चुलीवरच्या दुधातल्या सुया ढवळत ओटिलिया म्हणाली, "ये, तुझीच वाट बघत होते."