कडीचा आवाज

शिपायाने दाराची कडी वाजवली आणि सहावीची अडतीस मुलं चालीवर म्हणत असलेली कविता मध्येच सोडून गप्प झाली. प्रत्येकाने डावं मनगट पोटाशी घट्ट धरलं.

वसुधाबाई चिडल्या. सत्तावीस वर्षं मराठी शिकवत होत्या, पण ही कविता मुलांना शाळेतल्याच दुसऱ्या शिक्षिकेने, तेजस्विनीने दिली होती. ती घरी कानामागे आठवण टिपणारी पट्टी लावून शिकवायची आणि ती आठवणच समाजमाध्यमावर टाकायची. मुलांनी आपल्या पट्टीवर ती घेतली, की कविता पाठ. "शिकवणं म्हणजे काय नाटकाचा प्रयोग आहे, साऱ्या जगाला दाखवायला?" असं वसुधाबाई तिला नेहमी सुनवायच्या.

आताही त्या तणतणत स्टाफरूममध्ये गेल्या. "काय शिकवलंस गं पोरांना? कडी वाजली की थिजतात, मनगट लपवतात!"

तेजस्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. "शेवटच्या कडव्याला आमची कडी वाजली होती, बाई. हे घरी आले होते. पण तो आवाज मी आठवणीतून काढून टाकला होता."

तिने नकळत डावी बाही खाली ओढली. वसुधाबाईंचा राग जागच्या जागी विरला.

"आवाज काढलास, पण तुझी भीती राहिली त्यात," त्या हळूच म्हणाल्या. "किती मुलांनी घेतलाय हा पाठ?"

"नऊ लाख."

वसुधाबाई वर्गात परतल्या. त्यांनी दार लोटलं तशी कडी वाजली. पहिल्या बाकावरची अकरा वर्षांची मुलगी शेजारणीच्या कानात कुजबुजली, "हे आले."