कडक क्लच

मुलाची जुनी स्पोर्ट्स कार वडील आधी फक्त रविवारी न्यायचे. तो गेल्यापासून रोज नेतात. वर्षभरात क्लच जळाला. मेकॅनिकने दोन नवे समोर ठेवले.

"काका, त्याने इंजिनची ताकद वाढवून घेतली होती, त्यामुळे हा मऊ क्लच फार टिकणार नाही. हा कडक टिकेल, पण पाय भरून येईल."

वडिलांनी कडक क्लच मेकॅनिककडे सरकवला.

"कडकच टाक. पोरगा सारखा क्लचवर पाय ठेवून चालवायचा, त्यानेच हा जळाला. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यावरूनच ओरडलो त्याला."

मेकॅनिक क्लचची जळकी प्लेट उगाच पुसत राहिला.



"काका, ही प्लेट त्यानेच बसवून घेतली होती, जायच्या आदल्या आठवड्यात. म्हणाला, 'क्लचवर पाय बाबांचा असतो, पण त्यांना सांगू नकोस.'"