यादीतली बनावट बाई

देणगीसाठी घरोघरी पत्रं पाठवणाऱ्या त्या संस्थेत एक जुनी रीत होती. पत्त्यांच्या लांबलचक यादीत व्यवस्थापक बाई स्वतःच्या घरचा पत्ता घालत, पण वरचं नाव मनानं रचलेलं. त्या नावाचं पत्र घरी आलं, की समजायचं, टपाल नीट पोचतंय.

या खेपेला त्या नावानं देणगी आली.

परतीच्या पाकिटात एक नोट होती आणि चिठ्ठीवर तिरकी सही. संस्थेची पाकिटं स्वस्तातली, कधी धड चिकटत नसत. हे मात्र डिंक लावून झकास बंद केलेलं.

बाईंना पहिला संशय आला कारकुनाचा. त्यानं कानांवर हात ठेवले. "मॅडम, मी कुठून देणार? माझा पगार तुम्हीच काढता."

हे पटण्यासारखं होतं. मग राहिला नवरा. घरात माणसं दोनच, आणि थट्टेची खोड त्याला पहिल्यापासूनची.

त्यांनी ते नाव यादीतून खोडून टाकलं आणि ऑफिसातल्या टेबलावरूनच घरी फोन लावला. "खरं सांग, त्या पत्राला उत्तर तू पाठवलंस ना?"

"कसलं पत्र?" नवरा वैतागला. "आणि हे काय चाललंय तुझं? ऑफिसातून लवकर येतेस, मागच्या खोलीत कडी लावून बसतेस, डिंक मागतेस. बाटली घेऊन दाराशी उभा आहे, तर आतून फोन करतेस."

बाईंनी तोंड उघडायच्या आत, फोनमध्ये कडी निघाल्याचा आवाज आला.