काकांचं स्कारबरो

लीड्सला एमएससी करताना मी डॉक्टर सरपोतदारकाकांकडे खोली घेऊन राहते. शनिवार आला की पाठीला सॅक लावायची आणि एखादं गाव बघून यायचं, हा माझा नेम. काका आता रिटायर झालेत, पण नोकरीत त्यांनी अख्खं यॉर्कशर पालथं घातलंय, म्हणून निघण्याआधी त्यांनाच विचारते.

"काका, हलमध्ये बघण्यासारखं काय आहे?"

"हल? तिथे मी ऑर्थोपेडिक्सला होतो."

"आणि यॉर्कमध्ये?"

"तिथे कॅज्युअल्टी. वीकेंडला तर जेवायलाही फुरसत नसायची."

परवा मी स्कारबरोला निघाले, तर काका स्वतःच बूट घालायला लागले. "तिथे दोन वर्षं काढलीत मी. चल, तुला सगळं दाखवतो."

स्टेशनबाहेर येताच ते ऐटीत म्हणाले, "हे बघ, हॉस्पिटल या बाजूला."

मी हाताला धरून त्यांना दुसऱ्या बाजूला नेलं. उतार संपला आणि समोर समुद्र आला. काका कठड्याला धरून उभेच राहिले. मी फोटोसाठी हाक मारली, तीही त्यांना ऐकू गेली नाही.

"नर्सेस सांगायच्या खरं, समुद्र आहे म्हणून," ते म्हणाले. "एवढा जवळ होता होय?"